मधलं स्टूल

रविवारी दुपारी चार वाजायला पाच मिनिटं असली की ती टेबलावरचा पसारा एका बाजूला लोटायची, लॅपटॉपखाली दोन जाडजूड पुस्तकं सरकवायची आणि चहाचा कप उजव्या हाताशी ठेवून बसायची. पुस्तकं नसली तर कॅमेऱ्यात चेहऱ्याआधी हनुवटी दिसायची, आणि त्यावरून पुढचा आठवडाभर चेष्टा व्हायची. हा सगळा सरंजाम जेमतेम वीस मिनिटांचा. पण त्या वीस मिनिटांची वाट ती शनिवारपासूनच बघत असे.

घरी आणि कामावर तिला तिच्या नावाने हाक मारत. या वीस मिनिटांत मात्र ती 'दशांश' असे. कोणी "पाऊण तास झाला" म्हटलं की ती घड्याळाकडे बघून "एक्केचाळीस मिनिटं" अशी दुरुस्ती करायची, तेव्हा चिकटलेलं हे नाव. नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली होती. दवाखान्यांतून आणि कारखान्यांतून आलेले थर्मामीटर तपासायचे आणि त्यातला प्रत्येक किती खोटं बोलतो ते दशांशाच्या दोन घरांपर्यंत कागदावर लिहून द्यायचं.

या रविवारांची सुरुवात कॉलेजात झाली होती. विभागाच्या मागच्या बाजूला, जिन्याखालून आत गेलं की एक चिंचोळी खोली लागायची. तिथे एक जुनं यंत्र होतं. रंगीत द्रावणातून प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याचा दिवा भारी नखरेल. चालू केल्यावर वीस मिनिटं तापल्याशिवाय तो स्थिर होत नसे, आणि तोवर घेतलेलं मोजमाप टोपलीत टाकायच्या लायकीचं. यंत्राशेजारच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट होतं. रिकामी वीस मिनिटं, इंटरनेट आणि विशीतली पोरं. व्हिडिओ बघायला याहून जास्त काय लागतं?

यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये ओळीने तीन स्टुलं मावत. चौथं ठेवलं तर दार उघडत नसे. म्हणून नियम ठरला. ज्याने व्हिडिओ शोधून आणला त्याने मागे उभं राहायचं. त्याने तो आधीच बघितलेला असतो, त्याला बसायची काय गरज? आणि उभं असताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हे दुसरं कलम खास डुलकीसाठी होतं. एकदा त्याने पत्त्यांचा पुरुषभर उंच मनोरा रचणाऱ्या माणसाचा व्हिडिओ आणला, आणि सगळे श्वास रोखून बघत असताना मागून म्हणाला, "आता खिडकीतून मांजर येतंय बघा." त्या दिवसापासून उभ्याचं तोंड बंद. बसलेल्यांनी हवी तेवढी बडबड करावी. व्हिडिओ संपला की मागून फक्त एक शब्द यायचा, "मग?" आणि मग दहापैकी गुण दिले जायचे. दशांश सव्वासातच्या खाली किंवा वर सहसा जात नसे.

डुलकी हा लांबलचक, सावकाश मुलगा. पहिल्या तासाला दहाव्या मिनिटाला मान टाकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता तो हवामान खात्यात होता, दिवसभर ढगांचे फोटो बघायचा. आणि मुंगी चणीने लहान, सदा लगबगीत, साखरेच्या डब्याचा सुगावा तिला भिंतीपलीकडून लागायचा. ती एका रंगाच्या कारखान्यात रसायनं तपासायची. तिची नखं कायम निळी किंवा जांभळी असत.

शिक्षण संपलं, तिघं तीन शहरांत पांगली, पण नियम सुटला नाही. रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल. ग्रुपवर लिंक टाकायची, एक, दोन, तीन म्हणून सगळ्यांनी एकदम व्हिडिओ सुरू करायचा. ज्याने आणला त्याने आपला कॅमेरा बंद करायचा. हे त्याचं उभं राहणं. पडद्यावर दोन चेहरे आणि एक काळा चौकोन, आणि त्या चौकोनातून वीस मिनिटांनी येणारं "मग?"

दशांशला हे नुसतं वेळ घालवणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचे बाबा मुंगीच्या शहरातल्या दवाखान्यात होते. अकरा दिवस. डुलकी लांबच्या गावी बदलीवर होता, त्याला येता आलं नाही. मुंगी कारखान्यातून सुटली की निळ्या नखांनिशी थेट दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये येऊन बसायची. धीर देणं, पाठीवर हात फिरवणं असलं काही तिला जमत नसे. ती फोन पुढे धरायची आणि आवाज बंद करून व्हिडिओ लावायची. तापलेल्या तव्यावर नाचणारा पाण्याचा थेंब. कानाने ऐकत किल्ली घासणारा म्हातारा. दोघी खांद्याला खांदा लावून बघत बसायच्या. बाबा बरे होऊन घरी आले त्या दिवशी दशांशने मनाशी ठरवलं की काहीही झालं तरी हिला हातची जाऊ द्यायची नाही.

पण ठरवून सगळं होतं थोडंच? गेल्या वर्षभरात रविवार विरळ होत चालला होता. डुलकीला मुलगी झाली होती. मुंगीची कारखान्यातली पाळी बदलली होती. कधी दोघीच, कधी दशांश एकटीच कप घेऊन सव्वाचारपर्यंत बसलेली. एका रविवारी डुलकीने बोलता बोलता सुचवलं की महिन्यातून एकदा केलं तर सगळ्यांनाच सोयीचं पडेल. दशांशने "बघू" म्हटलं आणि कॉल संपल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिली. महिन्यातून एकदाचं पुढे काय होतं हे तिला आकडेमोड न करताही कळत होतं.

त्यानंतरच्या रविवारी तिघंही वेळेवर आली. ग्रुपवर लिंक होती. तीन म्हणून सुरू केलं.

समुद्रकिनारा होता. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर करणारे छोटे खेकडे. लाटेबरोबर एक मोठा शंख वाहून येतो. एक खेकडा त्याच्यापाशी जातो, मापाने मोठा निघाला म्हणून थांबून राहतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो, आणि बघता बघता लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लागते. मग सगळ्यात मोठा उडी मारून नव्या घरात, त्याच्यामागचा त्याच्या घरात, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अख्खी रांग सरकते. दशांशला हा व्हिडिओ ओळखीचा होता. कॉलेजात बघितलेला, आणि नंतर खूप शोधूनही न सापडलेला. ती हरखून गेली. मुंगी म्हणाली की हाच तो, हाच तो, त्या दिवशी दिवा तापून थंड झाला तरी आपण हाच बघत होतो. डुलकी म्हणाला, यांच्यात बदल्यांचा आदेश किती पटकन निघतो. तिघंही खळखळून हसली. रांगेत मध्येच एक उपरा घुसला आणि एक खेकडा उघडाच राहिला, इकडेतिकडे बघत.

व्हिडिओ संपला. तिघंही थांबली. सात सेकंद गेले. दशांशने मोजले होते.

"अगं, बोल की," मुंगी म्हणाली.

"मी? आणलायस तू ना?"

"मी कशाला आणू? डुलकीने टाकलाय."

डुलकी जांभई अर्धी ठेवून म्हणाला की आपण तर दशांशचा समजत होतो. तेव्हा कुठे दशांशने पडदा नीट बघितला. तिन्ही कॅमेरे चालू होते. तिन्ही चेहरे दिसत होते. वीस मिनिटं तिघंही बोलत होती. उभं कोणीच नव्हतं.

डुलकीने नेटचा घोळ म्हणून विषय झटकला. दशांशने दोघांनाही आपापल्या फोनवर ग्रुप उघडून त्या पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांगितला. तीन फोटो तिने शेजारी शेजारी ठेवले. तीच लिंक, वेळही तीच, तीन वाजून अट्ठावन्न मिनिटं. तिच्या फोनवर ती मुंगीच्या नावाने आली होती. मुंगीच्या फोनवर डुलकीच्या. डुलकीच्या फोनवर तिच्या स्वतःच्या.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्याही. लिंक यायची, आणि व्हिडिओ असा असायचा की बघणाऱ्याच्या हातातला चहा निवून जावा. रोज एकाच थांब्यावर मालकाची वाट बघणारा कुत्रा. बंद पडलेल्या घड्याळाचं एकेक चाक पुसणारी बाई. सगळे कधीतरी त्या चिंचोळ्या खोलीत बघितलेले, नावं विसरलेले, शोधून न सापडणारे. आणि गंमत अशी की रविवार पुन्हा भरून आला. डुलकी मुलीला मांडीवर घेऊन बसायचा. मुंगीने कोणाशी तरी पाळी बदलून घेतली. महिन्यातून एकदाची भाषा परत कोणी काढली नाही. व्हिडिओ संपल्यावरही तास तास गप्पा चालायच्या, खोलीतल्या गंजलेल्या पंख्याच्या, यंत्राच्या उबेवर वाळवलेल्या मोज्यांच्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी बघितलेल्या अकरा व्हिडिओंच्या. लिंक कोण टाकतं हे विचारायचं नाही असा जणू नवा नियमच झाला.

दशांशला हे सुख हवंच होतं. पण ती दशांश होती. बाकी उरलेली तिला सहन होत नसे.

तिने एक तक्ता केला. कॉलेजातल्या ज्या ज्या व्हिडिओची आठवण होती त्यांची यादी, आणि पुढे रकाना, कोणी आणला. कारण न सांगता दोघांना वेगवेगळं विचारलं. एकतीस व्हिडिओ निघाले. बावीस जुळले. उरलेल्या नवांबद्दल तिघांचं म्हणणं एकच होतं, की मी नाही आणला, त्या दोघांपैकी कोणीतरी. मग तिने दुसरी यादी केली. डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली खोडरबराचा तुकडा कोणी बसवला? संत्र्याची साल न तुटता एका लांब पट्टीत कोण सोलायचं? हसताना आधी श्वास आत ओढायची सवय कोणाची? मुंगी म्हणाली डुलकीची. डुलकी म्हणाला मुंगीची. दशांशला वाटत होतं, दोघांपैकी एकाची.

मग दुपारच्या सुट्टीत, थर्मामीटरचं पाणी उकळेपर्यंतच्या वेळात, तिने डुलकीला फोन लावला.

"डोळे मिट," ती म्हणाली. "तू व्हिडिओ आणलायस. उभा आहेस. समोर काय दिसतं?"

"हा काय पोरखेळ?"

"सांग ना."

"तुझी वेणी दिसते. डावीकडे. उजवीकडे मुंगीचा तो हिरवा चाप." तो थांबला. फोनमध्ये त्याच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

"आणि मध्ये?"

"मध्ये मान आहे," डुलकी हळू आवाजात म्हणाला. "मागून बारीक कापलेले केस. राखाडी स्वेटर."

एवढी साधी वजाबाकी होती. तिघांतला एक उभा राहिला की दोन स्टुलं भरतात. मग कॉलेजातल्या त्या दोन वर्षांत एकही स्टूल कधी रिकामं कसं दिसलं नाही? मोजमापं घेण्यात हयात घालवणाऱ्या तीन माणसांनी नेमकं हेच कधी मोजलं नव्हतं.

शनिवारी तिने सुट्टी टाकली आणि सकाळच्या गाडीने कॉलेज गाठलं. जिन्याखालची खोली आता सामानाची झाली होती. यंत्र गेलं होतं, जमिनीवर त्याच्या चार पायांचे फिकट चौकोन राहिले होते. प्रयोगशाळेचे मामा मात्र तेच होते, कमरेला किल्ल्यांचा तोच जुडगा. त्यांनी तिला लांबूनच ओळखलं, तब्येतीवरून बोलले, आणि बाकीची मंडळी कुठे असतात म्हणून चौकशी केली. तिने डुलकीचं सांगितलं, मुंगीचं सांगितलं.

"आणि तो?" मामांनी विचारलं.

"कोण, मामा?"

"अगं, चौघं होतात ना. पाच वाजले की मीच हुसकायचो तुम्हाला. तीन बसलेले आणि एक उभा."

"चौथा कोण होता?"

मामांनी तोंड उघडलं. नाव अगदी ओठांवर असावं तसं. मग त्यांनी जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, रिकाम्या खोलीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "बघ, वय झालं," ते पुटपुटले. "पोरगा लाघवी होता. जाताना माझ्या टेबलावर अर्धं संत्रं ठेवून जायचा."

परतीच्या गाडीत दशांशला रडू आलं. भीती तिला वाटत नव्हती. वाटत होती ती लाज. इतकं जवळचं माणूस, रोज खांद्याला खांदा लावून बसलेलं, आणि आपण त्याला असं पुसून टाकावं? तो बिचारा आठवण करून देत होता. एवढं प्रेमाने, एकही शब्द न बोलता, नियम पाळून. याची भरपाई करायलाच हवी होती.

तिने गाडीतूनच मुंगीला फोन केला आणि सगळं सांगितलं. उद्या त्याला बोलवू, म्हणाली. आम्हाला आठवतंय, ये, बस, असं सांगू. मुंगीला उत्साह वाटेल अशी दशांशची अपेक्षा होती.

"राहू दे ना," मुंगी म्हणाली. "छान चाललाय की रविवार."

"त्याला तसंच ताटकळत ठेवायचं?"

"तुला एक सांगू? हसू नकोस. मागे जेव्हा जेव्हा मी कॅमेरा बंद करून बसायचे ना, तेव्हा ती जागा उबदार लागायची. नुकतंच कोणी तरी उठून गेल्यासारखी." मग तिने नेहमीसारखा थट्टेचा सूर लावायचा प्रयत्न केला. "आणि तो बसला तर उभं कोण राहणार? स्टुलं तीनच आहेत, बाई."

दशांश म्हणाली की आता कुठली स्टुलं, आता कितीही चौकोन मावतात. मुंगी बरं म्हणाली. मग, फोन ठेवता ठेवता, तिने सांगितलं की उद्याचा व्हिडिओ मी आणते, एक मस्त सापडलाय, आपलं आपण काहीतरी आणू एकदा.

रविवारी चारला दोन मिनिटं असताना मुंगीने लिंक टाकली आणि कॅमेरा बंद केला. तिचा चौकोन काळा झाला. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी झटकत होतं. डुलकीच्या मांडीवर मुलगी झोपली होती.

दशांशने घसा साफ केला. बोलायचं ते तिने कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद बाजूलाच राहिला. "आम्हाला तुझं नाव आठवत नाही," ती म्हणाली. "पण तू होतास. मधल्या स्टुलावर. चुकलं आमचं. खूप उभा राहिलास. ये, बस आता."

"ये रे," डुलकी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

काळ्या चौकोनातून मुंगीचा आवाज आला. "दशांश, नको—"

"उभ्याने बोलायचं नाही," डुलकी हसत म्हणाला.

मुंगी गप्प झाली. नियम होता.

तीन म्हणून सुरू केलं.

एका माणसाने अख्ख्या घरातून गोटीसाठी वाट बांधली होती. माळ्यावरून सोडलेली गोटी कठड्यावरून, कपाटामागून, पुस्तकांच्या फटीतून घरंगळत चालली होती. प्रत्येक वळणावर वाटे की आता पडणार, आणि पडत नसे. डुलकी म्हणाला की या माणसाला बायको नसणार. दशांश म्हणाली की असेल, पण माहेरी गेली असेल.

"आता न्हाणीघरात शिरणार बघा," टपाल म्हणाला.

आणि गोटी न्हाणीघरात शिरली.

"तुला सगळं आधीच कसं कळतं रे?" दशांश म्हणाली. टपालने श्वास आत ओढला आणि मग हसला. तेच हसू, तोच राखाडी स्वेटर, वरचं बटण वेगळ्या रंगाचं. कॉलेजात निरोप पोचवायची कामं सगळी त्याच्याकडे असत, म्हणून टपाल. तिला त्या खोलीचा वास आला, तापलेल्या दिव्याचा आणि संत्र्याच्या सालीचा. इतक्या दिवसांत तिला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

गोटी शेवटी एका वाटीत पडली. टण्ण.

नंतर थोडी शांतता झाली. इथे कोणीतरी काहीतरी म्हणायचं असतं असं दशांशला उगाच वाटलं. काय ते आठवेना.

डुलकीने आठ दिले. टपालने नऊ. दशांशने सव्वासात.

"तो काळा चौकोन कोणाचा आहे?" डुलकीने विचारलं.

दशांशने पाहिलं. तिघांच्या चेहऱ्यांखाली एक चौथा चौकोन होता, रिकामा. बोलणाऱ्याच्या चौकोनाची कड हिरवी होते, तशी त्याची कड पुन्हा पुन्हा हिरवी होत होती. आवाज काही येत नव्हता.

"कुठलं तरी जुनं खातं उघडं राहिलं असेल," ती म्हणाली.

डुलकीने ते काढून टाकलं.

सोमवारी तिने तक्ता पुन्हा उघडला. एकतीसच्या एकतीस व्हिडिओंपुढे नाव बसलं. डुलकी, टपाल, ती स्वतः. बाकी शून्य. आपण कशाने एवढे हैराण झालो होतो तेच तिला कळेना. तिघांची तीन स्टुलं, सरळ हिशेब. तिने फाइल बंद केली. संध्याकाळी आईशी बोलताना बाबांच्या दुखण्याचा विषय निघाला, तेव्हा आई म्हणाली, त्या अकरा दिवसांत तो मुलगा रोज येऊन बसायचा, स्वेटर घालून, किती माया लावली त्याने. हो ना, दशांश म्हणाली, टपाल नसता तर माझं काही खरं नव्हतं.

बुधवारी दुपारी, पाणी उकळायची वाट बघत असताना, तिचा फोन वाजला. उचलेपर्यंत बंद झाला. मग मेसेज आला. नंबर साठवलेला होता, आणि नावाच्या जागी 'मुंगी' असं होतं. तिला हसू आलं. असल्या नावाने आपण कोणाचा नंबर कधी आणि का साठवला असेल?

मेसेज होता, "अगं, तीन दिवस फोन करतेय. डुलकीही उचलत नाही. माझं काही चुकलं का? मी अजून उभीच आहे गं."

तिने तो दोनदा वाचला. कोणाचा तरी चुकून आलेला असावा. लिहिणारी फार कासावीस दिसत होती. तिला उत्तर न देणं बरं दिसलं नसतं. पाणी उकळू लागलं होतं, म्हणून तिने घाईघाईत, पण आदराने, लिहिलं, "माफ करा, आपण कोण?"

मेसेज लगेच वाचला गेला. पलीकडून काहीतरी लिहिलं जात असल्याची खूण दिसू लागली. थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. दशांशने पहिला थर्मामीटर पाण्यात सोडला आणि आकडा वाचायला खाली वाकली.